अंटार्क्टिका-आर्क्टिकच्या जहाजाला जाताना काय न्यायचं? बेळगाव भागातून वारंवार येणारे प्रश्न

मी एकदा जानेवारीत अंटार्क्टिकाला आणि एकदा जुलैत आर्क्टिकमधल्या, नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर जहाजानं जाऊन आले. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडून कुणी ना कुणी सामानाबद्दल विचारत असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी पहिले तीन आधी वाचा, बाकीचं त्यावर उभं आहे.

१. एक्सपिडिशन क्रूझ म्हणजे क्रूझच ना? मग कपड्यांचा एवढा घोर कशाला?

नेहमीच्या क्रूझवर जहाज धक्क्याला लागतं आणि माणसं चालत उतरतात. इथं धक्काच नसतो. जहाज खोल पाण्यात थांबतं. तिथून झोडियाक नावाच्या हवा भरलेल्या रबरी होडीतून, दहा-दहा जण मिळून किनाऱ्याला जायचं. होडीच्या काठावर बसलेलं असताना खाऱ्या पाण्याचे फवारे थेट अंगावर येतात. किनाऱ्याला लागल्यावर बऱ्याच ठिकाणी घोट्याएवढ्या, कधी जवळजवळ गुडघाभर पाण्यात पाय टाकूनच उतरावं लागतं. मग दोन-तीन तास उघड्यावर, आणि हवा बरी असेल तर दिवसातून दोनदा हेच. जहाजावर सुटाबुटाची गरज नाही, जेवायलाही साध्या कपड्यांत जातात. म्हणून पैसे आणि बॅगेतली जागा होडीतल्या कपड्यांसाठी राखा.

२. तिथं थंडी किती? आपल्या डिसेंबरपेक्षा किती जास्त?

पर्यटकांची जहाजं अंटार्क्टिका द्वीपकल्पाकडे नोव्हेंबर ते मार्चमध्ये, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात जातात. तेव्हा तापमान साधारण उणे ५ ते अधिक ५ अंशांच्या मध्ये असतं. लडाखला हिवाळ्यात जाऊन आलेल्यांना हा आकडा फारसा वाटत नाही, आणि तिथंच फसगत होते.

आषाढात कणकुंबीला नाहीतर जांबोटीच्या रस्त्यावर भिजून वाऱ्यात अर्धा तास उभं राहिलात की दात वाजायला लागतात. तेव्हा तापमान वीस अंशांच्या आसपास असतं. त्रास थंडीचा नसतो, ओलीचा आणि वाऱ्याचा असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली ऊब वाहून नेतं. तोच पाऊसवारा शून्य अंशावर आणून बघा, म्हणजे तिकडची थंडी कळेल. सामान भरताना ‘हे गरम आहे का’ याच्या आधी ‘हे मला कोरडं ठेवील का’ असं विचारा.

३. दोन जाड स्वेटर एकावर एक घातले तर चालत नाही काय?

पुरत नाही. स्वेटरातून वारा आरपार जातो आणि पाणी आत मुरतं. तीन थर लागतात.

अंगाला लागून पातळ थर्मल, मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं. त्याचं काम घाम अंगावरून उचलायचं. त्यावर फ्लीसचं (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं) जाकीट किंवा लोकरीचं स्वेटर, जे ऊब धरून ठेवतं. सगळ्यात बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जर्किन व पॅन्ट. किनाऱ्यावर चढ चढताना घाम आला तर मधला थर काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकायचा, परत होडीत बसण्याआधी घालायचा.

लोकरीचं महत्त्व आपल्याकडं वेगळं सांगायला नको. पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागं उभा असलेला धनगर आपण लहानपणापासून बघत आलोय. घोंगडी भिजून जड होते, पण आतल्या माणसाला गारठू देत नाही. ओली झाली तरी लोकर बरीचशी ऊब राखते. मेरिनोचं थर्मल ही त्याच गुणाची मऊ, पातळ बहीण.

४. आतून सुती बनियन आणि वरून जीन्स चालेल काय?

होडीत आणि किनाऱ्यावर नाही. सूत पाणी धरून बसतं, लवकर वाळत नाही आणि अंगाला गार चिकटतं. जीन्स तर भिजली की पायाला फळ्या बांधल्यासारखी होते. जहाजाच्या आत मात्र सुती कपडे हवेतच, कारण आत वीस-बावीस अंश असतात. अर्ध्या बाह्यांचे दोन-तीन टीशर्ट घ्या.

५. कंपनी जर्किन आणि बूट देते म्हणतात. मग आपण काय विकत घ्यायचं?

बऱ्याच कंपन्या जर्किन भेट म्हणून देतात किंवा वापरायला देतात, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सफरीपुरते देतात. काही कंपन्या यातलं एकच देतात, काही काहीच देत नाहीत. बुकिंगच्या कागदांत सामानाची यादी असते, ती शब्द न् शब्द वाचा. शंका राहिली तर ईमेल करून लेखी उत्तर घ्या, एजंटाच्या तोंडी ‘मिळतंय की’वर जाऊ नका. लाइफ जॅकेट सगळीकडे मिळतं.

वॉटरप्रूफ पॅन्ट बहुतेक ठिकाणी आपली आपल्यालाच न्यावी लागते, आणि नेमकी तीच राहून जाते. थर्मल, मोजे, हातमोजे, टोपीही आपलीच. अंटार्क्टिकाची बहुतेक जहाजं अर्जेंटिनाच्या उशुआया गावातून सुटतात. तिथं हे कपडे भाड्यानं मिळतात. एकाच सफरीसाठी महागडी पॅन्ट घ्यायची नसेल तर हा चांगला मार्ग आहे, फक्त आधी नोंदवून ठेवा.

जर्किन जहाजावर मिळणार असलं तरी उशुआयात उन्हाळ्यातही दहाएक अंश आणि बोचरा वारा असतो. एक हलकं विंडचीटर अंगावर असू द्या.

६. माप कसं कळवायचं?

जर्किनचं माप थर्मल आणि फ्लीस घालून, त्यावरून छाती मोजून द्या. बुटाचं माप जाड मोजे घालून. आपल्या दुकानांतले आकडे बहुधा ब्रिटिश मापाचे असतात आणि कंपनी युरोपियन माप मागते. आपला ८ म्हणजे साधारण ४२. दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि बोटं गार पडतात. याच कारणानं तीन-तीन मोजे कोंबू नका, एक पातळ आणि एक जाड लोकरीचा पुरे.

७. शेतातले गमबूट आहेत की घरात, तेच नेले तर?

कंपनी बूट देत असेल तर नेऊ नका. आपल्याकडचे स्वस्त गमबूट बहुतेक प्लॅस्टिकचे असतात, थंडीत कडक होतात आणि ओल्या दगडावर घसरतात. दुसरं म्हणजे त्यांच्या तळव्याच्या खाचांत चार पावसाळ्यांची माती असते, आणि ती तिकडं एक कणभरही चालत नाही (प्रश्न १३).

८. वॉटरप्रूफ पॅन्ट ओळखायची कशी? रेनकोटाची पॅन्ट चालत नाही?

मोटरसायकलवर घालतो ती रेनकोटाची पॅन्ट पाणी अडवते, पण घाम आतच कोंडते आणि बर्फावर पाय घसरून बसलात की फाटते. चांगल्या पॅन्टच्या शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या असतात. पॅन्ट उलटी करून बघा, लगेच कळतं. पायाशी बाजूनं चेन असावी, कारण पॅन्ट बुटात खोचायची नसते, बुटाच्या बाहेरून सोडायची असते. नाहीतर होडीतलं पाणी थेट बुटात. घरी पॅन्ट घालून न्हाणीत शॉवरखाली पाच मिनिटं उभे राहा. आतली थर्मल ओली झाली तर दुकानदाराला परत द्या.

पॅन्टची लांबी जास्त असेल तर शिंप्याकडून खालची कड कमी करून घेता येते. कंबर किंवा मांडीची शिवण मात्र उसवू नका. सुई जिथून गेली तिथून पाणी येणार.

९. हात, कान, डोळ्यांसाठी काय?

हातमोज्यांचे दोन प्रकार: आत बोटं हलवता येतील असे पातळ, वरून पाणी न शिरणारे जाड. पातळांचा एक जास्तीचा जोड ठेवा, कारण फोटोच्या नादात एक तरी होडीत भिजतो. डोक्याला कान झाकणारी कानटोपी. आपली माकडटोपीही उत्तम, लाजायचं कारण नाही. गळ्याला मफलरऐवजी नळीसारखा नेकवॉर्मर घ्या. मफलरची टोकं लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत अडकतात.

काळा चष्मा विसरू नका. बर्फावरून परतलेलं ऊन खालून डोळ्यांत येतं, तसंच हनुवटीखाली आणि नाकपुड्यांशी त्वचा भाजतं. ५० एसपीएफचं सनस्क्रीन आणि ओठांना बाम लागतोच. नंबरचा चष्मा असेल तर त्याला दोरी लावा आणि दुसरा जोड बॅगेत ठेवा.

१०. मी रोज साडीच नेसते. आणि दागिन्यांचं काय?

जहाजावर साडी खुशाल नेसा. स्वालबार्डच्या सफरीत शेवटच्या रात्रीच्या जेवणाला मी शहापूरची साडी नेसले होते, आणि सगळं जहाज कौतुकानं पदर बघायला आलं. होडीत मात्र साडी नाही, पंजाबी ड्रेसची ओढणीही नाही. सासूबाईंना किंवा आईला पॅन्टची सवय नसेल तर महिनाभर आधीपासून घरात थर्मल आणि ट्रॅकपॅन्ट घालून वावरू द्या, म्हणजे ऐन वेळी अवघडलेपण राहत नाही.

काचेच्या बांगड्या हातमोजा घालता-काढताना फुटतात, म्हणून त्या घरीच. मंगळसूत्र ठेवायचं असेल तर लहान घ्या आणि थर्मलच्या आत राहू द्या. बाकीचं सोनं नेऊच नका.

११. किती जोड लागतात आणि वजन कसं बसवायचं?

दहा-बारा रात्रींसाठी वरचे थर्मल ३, खालचे २, फ्लीस २, जाड मोजे ४-५ जोड, आतले कपडे आठवड्याचे. जहाजावर पैसे देऊन धुलाई मिळते. मेरिनोला दोन-तीन दिवस वास येत नाही. एक पोहण्याचा पोशाखही टाका, कारण बऱ्याच जहाजांवर एके दिवशी धाडसी मंडळींना त्या पाण्यात उडी मारू देतात. तळाला पकड असलेले बंद बूट आतल्या वावरासाठी हवेत. डुलत्या जहाजात चपलेनं माणूस पडतो.

सांबऱ्याहून निघणाऱ्यांनी एक बघा. बेळगाव ते बेंगळुरू किंवा मुंबई हे तिकीट वेगळं काढलं असेल तर त्यावर बहुधा १५ किलोचीच मुभा असते, पुढच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ असली तरी. ब्युनोस आयरेस ते उशुआया या टप्प्यातही वजनाची मर्यादा कमी असू शकते. सगळ्यात कमी आकडा धरूनच बॅग भरा. जड वस्तू अंगावर घालून विमानात बसा. आणि जानेवारीत ब्युनोस आयरेसला कडक उन्हाळा असतो, तेवढ्यासाठी एक सुती जोड वरच ठेवा.

१२. बॅग वाटेत हरवली तर?

माझी हरवली होती. ब्युनोस आयरेसच्या पट्ट्यावर शेवटची बॅग फिरून गेली तरी माझी निळी बॅग आली नाही, आणि जहाज सुटेपर्यंत आलीच नाही. जहाज कुणाच्या बॅगेसाठी थांबत नाही. उशुआयात पॅन्ट भाड्यानं घेतली, हातमोजे विकत घेतले. हातातल्या सॅकमध्ये थर्मलचा एक जोड आणि औषधं होती, त्यावरच सफर निभावली. रात्री थर्मल धुऊन बाथरूममध्ये टांगायची, सकाळी तीच घालायची.

म्हणून: थर्मलचा एक जोड, वॉटरप्रूफ पॅन्ट, हातमोजे, टोपी, चष्मा आणि सगळी औषधं केबिन बॅगेत. नवरा-बायको जात असाल तर दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत अर्धे-अर्धे वाटा. आणि जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी उशुआयात पोहोचा.

१३. कपडे, बूट ‘बियांपासून स्वच्छ’ करून आणा म्हणतात. म्हणजे काय?

सामानातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष यावरच होतं.

अंटार्क्टिकात बाहेरचं बी, माती, कीटक पोहोचता कामा नये. तिथं फुलणाऱ्या मूळच्या वनस्पती दोनच आहेत: एक गवत, एक पर्लवर्ट नावाची बुटकी वनस्पती. तरीही पोआ अनुआ नावाचं जगभर उगवणारं साधं गवत किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या आर्क्टोव्स्की स्थानकाजवळ १९८०च्या दशकात उगवलं, आणि ते उपटून काढायला पुढं अनेक वर्षं खर्ची पडली. ते माणसांबरोबरच आलं होतं.

आपल्या भागात तर कुसळांचं राज्य. मी नवी सॅक सरावासाठी म्हणून नोव्हेंबरात येळ्ळूरच्या राजहंसगडावर घेऊन गेले होते. घरी येऊन झटकली, ब्रश मारला, झालं असं समजले. जहाजावर पहिल्या उतरण्याआधी सगळ्यांची तपासणी असते. तिथल्या मुलीनं माझ्या सॅकच्या कमरपट्ट्याचं वेल्क्रो उघडलं, चिमट्यानं काहीतरी ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. येळ्ळूरच्या माळावरचं कुसळ. टोकाला बी तसंच. ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला.

तेव्हा निघण्याआधी एक अख्खी दुपार यासाठी काढा. फरशीवर पांढरी चादर पसरा. प्रत्येक खिसा उलटा करून कोपरे व्हॅक्यूमनं किंवा कोरड्या ब्रशनं साफ करा. वेल्क्रोच्या दातांतून चिमट्यानं किंवा सुईनं एकेक तंतू काढा. बुटाच्या खाचा, नाडीखालची जीभ, मोज्यांची शिवण, सॅकचा तळ, काठीचं टोक, कॅमेऱ्याच्या पिशवीचा तळ, सगळं. सगळं नवीन असेल तर काम निम्मं होतं, आणि ते नवीन कपडे घालून रानात जाऊ नका. सरावाला जुने वापरा.

जहाजावर दर वेळी उतरताना आणि परतताना बूट जंतुनाशकात धुवावे लागतात. बर्ड फ्लूमुळं आता किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, बॅग जमिनीवर ठेवणंही चालत नाही. त्यामुळं सगळं पाठीवरच राहील अशी हलकी, पाणी न शिरणारी सॅक हवी. सफरीत साउथ जॉर्जिया हे बेट असेल तर तिथले सरकारी अधिकारी स्वतः येऊन तपासतात.

१४. भडंग, चिवडा, मेतकूट, कुंदा नेता येईल?

कुंदा नको, दुधाचा आहे. दुधाचे, मांसाचे पदार्थ, ताजी फळं आणि बिया यांना अर्जेंटिना आणि त्याहून जास्त चिली हे देश अडवतात. जे न्याल ते कारखान्यात बंद केलेल्या पाकिटात न्या आणि कस्टमच्या फॉर्मवर लिहा. लपवलेलं सापडलं तर दंड. किनाऱ्यावर पाण्याशिवाय काहीही नेता येत नाही, खिशात विसरलेली शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा.

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका, अंडी, कांदा-लसूण चालतो की नाही तेही लिहा.

१५. जहाज लागलं तर? रोजची औषधं कशी न्यायची?

उशुआयाहून ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात, येताना तेवढेच. समुद्र शांत असला तर नशीब. उलटीवरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर उपयोगाची नसते, आधीच घ्यावी लागते. कोणती घ्यायची ते आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर, कारण यातली काही औषधं त्यांना चालत नाहीत. आलेपाकाचं पाकीट मला स्वतःला फार उपयोगी पडलं.

बीपी, शुगरची औषधं गरजेपेक्षा दहा-बारा दिवसांची जास्त, मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह. इन्सुलिन विमानाच्या सामानात देऊ नका, गोठून वाया जातं. किनाऱ्यावर नेताना ते आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा.

१६. चार्जर, पॉवरबँक, पाणी तापवायची कॉइल?

कॉइल, इस्त्री, किटली जहाजावर चालत नाही, आगीच्या भीतीनं काढून घेतात. पॉवरबँक केबिन बॅगेतच, १०० वॉट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, म्हणजे चालते. अर्जेंटिनाचे प्लग तिरक्या पात्यांचे, जहाजावर बहुधा युरोपियन गोल दोन पिनांचे. एक सर्वदेशीय अ‍ॅडॉप्टर घ्या. ड्रोन घरी ठेवा, अंटार्क्टिकात पर्यटकांना ते उडवू देत नाहीत.

१७. मोबाइल आणि कॅमेरा थंडीत बंद पडतो म्हणे?

बॅटरी थंडीत झपाट्यानं उतरते. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात ठेवा, गरम झाली की पुन्हा चालते. बाहेरून उबदार खोलीत येण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तासभर उघडू नका. नाहीतर दमट हवेनं काचेच्या आतून पाणी धरतं. दुर्बीण, ८ गुणिले ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची), मी कॅमेऱ्याच्याही आधी बॅगेत टाकीन.

१८. स्वालबार्डला जाताना यात काय बदलतं?

तीन थर तेच, जुलैत तापमान काही अंश जास्त. सूर्य मावळत नाही, म्हणून झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथं बऱ्याच ठिकाणी दाराशी बूट काढतात, आपल्यासारखंच. एक जोड जाड मोजे किंवा सपाता हाताशी ठेवा. २०२५पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर लांब राहायचा नियम आहे. दुर्बीण नसेल तर अस्वल म्हणजे पिवळसर ठिपका. कागदपत्रांत लक्षात ठेवा: स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, नॉर्वेमार्गे जाऊन परत यायला दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो.

१९. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी वेगळं काय?

काठी लागते, पण ती बहुतेक जहाजांवर मिळते, आधी विचारा. गुडघ्याचा पट्टा थर्मलवर बसतो का ते घरी घालून बघा. सगळ्यात उपयोगी सराव म्हणजे लाइफ जॅकेटसारखं जाड काहीतरी घालून जिना चढ-उतर करणं आणि खालच्या स्टुलावरून हात न टेकता उठणं. होडीत चढताना खलाशी मनगटाला धरतात, आपणही त्यांचं मनगट धरायचं असतं. त्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून हातात पर्स किंवा पिशवी नको. वैद्यकीय फॉर्म खरा भरा आणि तिथून हलवण्याचा खर्च धरलेला विमा काढा.

२०. महाराजांचा भगवा तिथं फडकवायचाय. आणि समुद्राला नारळ, हळदकुंकू वाहता येईल काय?

हा प्रश्न आपल्या भागातून हमखास येतो, आणि मला तो जवळचा वाटतो. झेंडा हातात धरून फोटो काढायला हरकत नसते, पण मोहीमप्रमुखांना आधी विचारा. कापड नवीन, सिंथेटिक आणि लहान असावं. त्याचीही तपासणी होते. काठी रोवायची नाही. झेंडा दोन हातांत घट्ट धरा, वाऱ्यानं निसटला तर तो परत मिळत नाही आणि पेंग्विनांच्या वस्तीत जाऊन पडतो. पेंग्विनापासून किमान ५ मीटर लांब राहायचं, झेंडाही तेवढाच लांब.

नारळ, फुलं, तांदूळ, हळदकुंकू यांतलं काहीही किनाऱ्यावर किंवा पाण्यात सोडता येत नाही. तिथून खडा, पीस, हाड आणताही येत नाही. मला दर्याला नमस्कार करायचा होता, तर डेकवर जाऊन कानटोपी काढली आणि हात जोडले. जवळ उभ्या असलेल्या रशियन खलाशानं काही न विचारता आपलीही टोपी काढली.